शहापूर-मुरबाडमधल्या शिकवणीचा इतिहास

या मालिकेतलं आमचं मागचं व्याख्यान प्लेटोवर झालं. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, शिकवणीवर्गांबद्दल तत्त्वज्ञानाचं काय म्हणणं आहे?" सभागृहात हशा पिकला. आम्हाला मात्र तो प्रश्न थट्टेचा वाटला नाही. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात गणिताची एक शिकवणीच आहे.

सॉक्रेटिस दोन फूट बाजूचा चौरस काढतो आणि एका मुलाला विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू किती धरशील? मुलगा म्हणतो, चार. चूक. मग म्हणतो, तीन. तेही चूक. प्रश्नांतून प्रश्न काढत सॉक्रेटिस त्याला शेवटी कर्णापर्यंत आणतो. ज्ञान म्हणजे आठवण की काय, यावर आम्ही वर्षानुवर्षं वर्गात बोललो. एक गोष्ट मात्र निवृत्तीनंतर ध्यानात आली. तो मुलगा गुलाम आहे, त्याला नाव नाही. आणि गणित सुरू होण्यापूर्वी सॉक्रेटिस मालकाला, म्हणजे मेनोला, सांगतो की तुझ्या माणसांपैकी एकाला बोलाव. त्या मुलाचा अर्धा तास मालकाकडून मागून घ्यावा लागला.

इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्द ग्रीक 'स्खोले'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ मोकळा वेळ. आपला 'शाळा' हा शब्द शालेवरून, म्हणजे घरावरून, इमारतीवरून आला. इमारती आपण बांधल्या, हे कबूल केलं पाहिजे. वेळेचं काय झालं, ते आज शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपुरतं पाहू.

२०१४ साली १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. वस्ती कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली अशी मिश्र. पीक भाताचं, पावसावरचं. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगात पेरायचं, आषाढात आवणी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कापणी आणि झोडणी. ज्यांना जमीन नाही किंवा पुरत नाही ती घरं दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आता शेजारी शाळेचं वर्ष ठेवून बघा. शाळा जूनमध्ये उघडते, आवणीच्या तोंडाशी. परीक्षा मार्च-एप्रिलात, तेव्हा काही वाड्यांमध्ये म्हातारी माणसं आणि कुत्री सोडली तर कोणी नसतं. शहरात शिकवणी म्हणजे शाळेच्या वर थोडं जास्तीचं. इथे ती हुकलेल्या महिन्यांची भरपाई आहे. दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे बराच घोटाळा झालेला आहे.

महाराष्ट्रात या दोन्ही शिकवण्यांना जुने पूर्वज आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवस मालकाचा किंवा शेताचा असतो, तेव्हा रात्रीचे दोन तास घ्यायचे, हा तो विचार. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी तक्रार मांडली की, सारा शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. दुसरा पूर्वज म्हणजे लोकमान्यांचा लॉ क्लास. १८९० च्या आसपास टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेची तयारी करून घेणारा खाजगी वर्ग चालवला, आणि काही काळ त्यांचा संसार त्या उत्पन्नावर चालला. परीक्षेच्या तयारीचा धंदा अलीकडचा आहे असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक त्याच पुण्यातलं, आणि तेही चांगलं खपलं. पहिली परंपरा विद्यार्थ्याला वेळ देते, दुसरी त्याला परीक्षेतून पार करते. दोन्ही हव्यात. पण दुसरीला पैसे मिळतात, पहिलीला बहुधा मिळत नाहीत.

आता पुन्हा आपल्या तालुक्यांकडे. १९३६ च्या आदेशाने ब्रिटिश सरकारने जे प्रदेश 'अंशतः वगळलेले' म्हणून जाहीर केले, त्यांत ठाणे जिल्ह्यातून डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा, उंबरगाव हे पेटे होते. मुरबाड नव्हता. या प्रदेशांची पाहणी सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने केली. लग्नासाठी काढलेल्या थोड्या कर्जापायी आदिवासी जोडपं सावकाराकडे वर्षानुवर्षं कसं राबतं, हे त्याने नोंदवलं. लोक अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मुद्दल किती, फिटलं किती, राहिलं किती, हे सगळं सावकाराच्या वहीत. गड्याला बेरीज येत नव्हती; आणि आली असती तरी वही त्याच्या हातात कोण देणार? तरीही 'गणित कशाला शिकायचं' या प्रश्नाचं या भागातलं पहिलं उत्तर परीक्षा हे नाही, ती वही आहे. १९४० मध्ये बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळ निघालं, १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि पुढे डहाणूकडे गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव. वेठबिगारी बंद करणारा केंद्रीय कायदा यायला १९७६ साल उजाडलं.

आमचं बालपण मुरबाड तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. साठच्या दशकात सातवीची परीक्षा, लोक तिला 'फायनल' म्हणत, ही मोठी गोष्ट होती. फायनल पास झालेल्याचं नाव गावात सुनेला दाखवावं तसं दाखवत. गुरुजी घाटावरचे. जेवण झालं की आम्ही वळकटी घेऊन शाळेत झोपायला जायचो. दोन कंदील, रॉकेल पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरचं. गुरुजी त्रैराशिक घालायचे, व्याकरण घोटून घ्यायचे. फी नव्हती. कोणाच्या घरचे पावटे, कोणाच्या घरची काकडी, एवढंच. त्या रात्रींनी आम्हाला पुढे आणलं, यात शंका नाही. पण तोंडी हिशेबात आमच्या सगळ्यांच्या पुढे असलेला एक कातकरी मुलगा होता. पावकी-निमकी त्याला आमच्याआधी यायची. दिवाळीनंतर त्याचं घर कोळसा पाडायला जंगलात गेलं. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडत गेल्या, मग नाव गेलं. गुरुजी वाईट नव्हते. रात्रीची शाळा गावात होती आणि मुलगा गावात नव्हता, बस्स.

परीक्षेच्या शिकवणीची दुसरी वाट रेल्वेने आली. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. रुळांच्या कडेची मुलं लोकल पकडून कल्याणच्या क्लासला जाऊ लागली. मुरबाडला रेल्वे नाही. तिथे एसटी, आणि शेवटची गाडी चुकली तर मुक्काम. १९७५ मध्ये जुनी अकरावीची आणि नवी दहावीची एसएससी एकाच वर्षी झाली, आणि त्यानंतर 'दहावीचं वर्ष' हा घराघरातला स्वतंत्र ऋतू झाला. गाइडं आली, अपेक्षित प्रश्नसंच आले. शहापूर आणि मुरबाडच्या बाजारपेठेत दुकानांच्या माड्यांवर इंग्रजी-गणिताचे वर्ग निघाले. पुढे शिकायला शहापुरात सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाडजवळ शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय होतं, पण तिथवर जायचं तर मध्ये हे दोन विषय उभे. या वर्गवाल्यांना नावं ठेवण्यात आम्हाला रस नाही. त्यांतले अनेक जण बी.एस्सी. होऊन नोकरी न लागलेले आणि मन लावून शिकवणारे. मुद्दा एवढाच की डोळखांब किंवा टोकावड्याच्या आतल्या पाड्यावरून तिथे रोज जाणं-येणं म्हणजे फीपेक्षा भाडं जास्त.

नव्वदच्या दशकात मात्र या जिल्ह्यात जे घडलं ते फुल्यांच्या वळणाचं होतं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. मूल शाळेकडे येत नाही ना, मग शाळा भट्टीवर. शिकवणारे बहुतेक तरुण, स्वतः जेमतेम शिकलेले. फळा झोपडीच्या कुडाला टेकवलेला. वर्ग संपला की मूल कुठल्या इयत्तेचं, परत गेल्यावर गावच्या शाळेत कुठे बसणार, ही खटपट वेगळी. श्रमजीवी संघटनेची वेठबिगार-मुक्तीची लढाई याच माणसांची होती, म्हणून त्यांना हे सुचलं असावं, असं आमचं मत आहे. शिक्षणतज्ज्ञाला अभ्यासक्रम आधी दिसतो. मजूर संघटनेला आधी दिसतं की दिवस कोणाच्या ताब्यात आहे.

कायद्याची गंमत बघा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २८ सांगतं की शिक्षकाने खाजगी शिकवणी करायची नाही. योग्यच आहे. आणि कलम ४ सांगतं की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा आणि बाकीच्यांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्या. म्हणजे शिकवणीच! एक बंद केली, दुसरी हक्क म्हणून दिली. बंदीची चर्चा खूप झाली, हक्काची फारशी नाही. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पैसे देऊन शिकवणी लावणाऱ्या मुलांचं प्रमाण ३०.५ टक्के निघालं, २०१८ मध्ये ते २६.४ होतं. हे पैसे देणाऱ्यांचं मोजमाप झालं. ज्याला गरज आहे पण जो भट्टीवर आहे, तो या आकड्यात कुठे शोधायचा?

आकड्यांवरून आठवलं. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत दिले, २०२० मध्ये ९५.३०. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के! चार वर्षांत मुलं काही चार प्रकारची जन्मली नव्हती. परीक्षा निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या मुलाला ओळखीशिवाय पुढे जायचा तोच एक रस्ता आहे. पण 'आमच्या भागाचा निकाल सुधारला' असं कोणी सांगितलं की आम्ही आधी विचारतो, या वर्षी नियम काय होता?

निवृत्तीनंतर आम्ही तिघे सहकारी शहापूर तालुक्यातल्या एका वाडीवर संध्याकाळचा वर्ग चालवतो. विषय तीनच: वाचन, गणित, इंग्रजी. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'च्या जोडीला 'वीस दोन' आलं तेव्हा महाराष्ट्रभर टिंगल झाली. आम्हीही त्यात होतो, हे लपवत नाही. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या. वाडीवर गेल्यावर पाहिलं, ज्या पोरीला 'सत्तावन्न' ऐकून पंचाहत्तर लिहायची सवय होती, तिने 'पन्नास सात' ऐकलं आणि सरळ ५७ लिहिलं. घरात मराठीचं हे प्रमाण रूप कानावर पडत नसेल तर शब्दच अर्धं गणित खातो. आम्ही मग दोन्ही शिकवू लागलो, कारण बाजारात सत्तावन्नच म्हणतात.

मोठ्या मुलांना आम्ही भट्टीचा हिशेब घालतो. हजार विटांचा दर, आठवड्याची खर्ची, आधी घेतलेली उचल, आणि शेवटी हातात किती. पहिल्या वर्षी एका आठवीतल्या मुलीने घरचा हिशेब वहीत मांडला आणि बापाला दाखवला. मुकादमाने सांगितलेल्या आकड्यात आणि तिच्या आकड्यात फरक निघाला. बाप म्हणाला, "सर, हे तुम्ही तपासून द्या." आम्ही दोनदा तपासलं. मुलगी बरोबर होती. फरकाचे पैसे काही मिळाले नाहीत, पण पुढच्या हंगामात उचल घेताना तो तिला बरोबर घेऊन गेला.

यंदा दिवाळीनंतर वर्गातली नऊ मुलं गेली. आमच्यातले दोघे आता दर रविवारी भट्टीवर जातात. मालकाचं म्हणणं, पोरं कामावर नाहीतच. धाकटी भावंडं सांभाळणं, वाळत घातलेल्या विटा पलटणं, याला तो काम धरत नाही. पहिल्या रविवारी त्याने वर्गाला साफ नाही म्हटलं. दुसऱ्या रविवारी चहा दिला. आता दुपारी साडेबारा ते दीड असा एक तास मिळतो, गाडी भरायची नसेल तर. दहावीची त्यात एकच मुलगी आहे. तिचं केंद्र शहापूरला आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत तिला कुठे उतरवायचं, सोबत कोण राहणार, हे ठरवायला परवा आम्ही बसलो होतो. तिच्या मावशीचं घर आसनगावला आहे असं कळलंय, विचारून येणार आहोत.

असो, वेळ झाली. आता प्रश्न घेऊ या.