नळ्यांचे छप्पर गळू लागले तर

मिरग लागला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील जुन्या घरांत पातेली, बादल्या आणि रिकामे डबे जमिनीवर मांडले जाऊ लागतात. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एवढे पाणी अंगावर घेणारे छप्पर एखाद्या ठिकाणी गळावे, यात नवल नाही. मात्र तीच गळती दोन-तीन पावसाळे दुर्लक्षिली गेली, तर आधी रीप कुजते, मग वासा वाकतो आणि पाणी भिंतीच्या माथ्यात मुरू लागते. भिंत चिऱ्याची असेल तर ती काही काळ तग धरते. मातीची असेल तर आतून भिजून एखाद्या रात्री अचानक खाली बसते. दोन्ही तालुक्यांत मातीच्या भिंतींची घरे अजून राहती आहेत, आणि त्यांत बहुधा वृद्ध माणसेच उरली आहेत. म्हणून गळक्या नळ्याकडे किरकोळ त्रास म्हणून पाहणे धोक्याचे ठरते.

ग्रंथांतले कौल गोमंतकात नळा या नावाने ओळखले जाते. पूर्वीचे देशी नळे हाताने थापलेले, अर्धगोल असत. एक पालथा आणि एक उताणा अशी त्यांची रचना केवळ स्वतःच्या वजनावर टिकून राही. वाऱ्याने, मांजरांच्या आणि माकडांच्या पळापळीने ते सरकत, त्यामुळे दरवर्षी मे महिन्यात सगळे छप्पर उतरवून पुन्हा बसवावे लागे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला. त्यामागे जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याचे परिश्रम होते. त्या कारखान्यातून आणि त्याच्या पाठोपाठ निघालेल्या इतर कारखान्यांतून आलेली चपटी, खाचांची कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. या कौलांच्या कडांना पन्हळीसारख्या खाचा असतात. शेजारचा नळा त्या खाचेत बसतो आणि मागील बाजूचा उंचवटा रिपेला अडकतो. एका चौरस मीटरला साधारण १५ नळे लागतात आणि प्रत्येकाचे वजन दोन ते अडीच किलो असते. याचा अर्थ असा की मध्यम आकाराच्या घराच्या माथ्यावर कित्येक टन भार कायमचा असतो. लाकूड खचले की हा भारच शत्रू होतो.

गळका नळा शोधताना सर्वांत मोठी चूक होते, ती थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचा नळा काढून बदलण्याची. पाणी जेथे शिरते तेथे ते बहुधा पडत नाही. ते नळ्याच्या पोटावरून खाली ओघळते, रिपेला लागते, रिपेवरून वाशावर येते आणि वाशाच्या उतारावरून हात-दोन हात, कधी त्याहूनही अधिक प्रवास करून एखाद्या गाठीपाशी किंवा खिळ्यापाशी टपकते. म्हणून शोध नेहमी थेंबाच्या जागेपासून वर, आढ्याच्या दिशेने घ्यावा. दिवसा दारे-खिडक्या बंद करून माळ्यावरून पाहिले तर जेथून उजेडाची तिरीप येते त्या जागा चटकन कळतात. लाकडावरचे काळे ओघळ जुनी गळती सांगतात, ओला चकचकीत ओघळ आजची. जेथे उजेड दिसत नाही पण लाकूड ओले आहे, तेथे नळ्यालाच केसासारखी चीर असते किंवा तो कमी भाजलेला, पाणी पिणारा असतो.

कारणे घराच्या जागेप्रमाणे बदलतात. झाडांखालच्या घरांवर वाळलेली पाने, काटक्या आणि शेवाळ खाचांत साचते. पाण्याची वाट अडते आणि ते कडेवरून आत उलटते. अशा वेळी एकही नळा फुटलेला नसतो, तरी घर गळते. डिचोलीच्या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षे बसलेल्या तांबड्या धुळीनेही खाचा अशाच भरल्या. पेडण्याच्या किनारी गावांत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर पाऊस आडवा मारतो आणि उतार कमी असलेल्या छपरांत तो खालून वर चढतो. नव्याने बांधलेल्या पडव्यांत हा दोष फार आढळतो. जुन्या मेस्तांनी तीस अंशांच्या आसपास राखलेला उतार नव्या बांधणीत भिंतीची उंची वाचवण्यासाठी पुष्कळदा कमी केला जातो, आणि मग दोष नळ्यांना दिला जातो. माकडांचा उपद्रव दोन्ही तालुक्यांत वाढला असल्याची तक्रार जवळजवळ प्रत्येक वाड्यावर ऐकू येते. टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-पंधरा नळे सरकलेले किंवा फुटलेले असतात. नारळ पडून होणारे नुकसान त्यामानाने सोपे, कारण भोक तरी स्पष्ट दिसते.

राजांगण असलेल्या चौकाच्या घरांचा प्रश्न निराळा आहे. तेथे चारही बाजूंचे उतार आत, तुळशीच्या अंगणाकडे वळतात आणि त्यांच्या चार कोपऱ्यांत चार नाळी तयार होतात. दोन छपरांचे पाणी एका नाळीत येत असल्याने मुसळधार पावसात तिच्यातून ओढ्यासारखा प्रवाह वाहतो. या नाळीत जस्ताचा पत्रा घातलेला असतो. तो गंजून चाळणी झाला, किंवा त्यावर टेकणारे कापीव नळे खाली सरकून त्यांनी नाळ अरुंद केली, की पाणी दोन्ही बाजूंनी आत घुसते. चौकाच्या घरातील खांब आणि तुळया कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा याच कोपऱ्यांतून होते. आढ्यावरचे कोने बदलले, सगळे छप्पर परतले, तरी गळती थांबत नाही असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा नाळीचा पत्रा उचलून पाहिलेलाच नसतो. नवा पत्रा रुंद घ्यावा. त्याच्या दोन्ही कडा आतल्या बाजूस दुमडून घ्याव्यात, म्हणजे उसळलेले पाणी परत नाळीतच पडते. दोन तुकडे जोडायचे झाल्यास वरचा तुकडा खालच्यावर वीतभर तरी चढला पाहिजे.

आढ्यावरचे कोने चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेले असतात. उन्हाने लाकूड आणि नळे हलतात, सिमेंट हलत नाही, म्हणून त्याला चिरा पडतात. त्या चिरांवर दरवर्षी सिमेंटचा नवा थर चढवण्याची पद्धत आहे. त्याने आढ्यावरचे ओझे तेवढे वाढते. सुटलेला मसाला खरवडून काढून कोना पुन्हा बसवणे हाच खरा उपाय. नळ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरणे तर टाळावेच. त्याने खाच बुजते आणि पाण्याची वाट आतल्या बाजूला वळते. तांबड्या रंगाचा हात दिल्याने छप्पर नवे दिसते, पण चिरा झाकल्या जातात आणि पुढच्या वर्षी शोधणे आणखी अवघड होते.

भर पावसात करायचे ते एवढेच: ओल्या छपरावर चढू नये. शेवाळलेला नळा साबणासारखा निसरडा असतो आणि कुजलेली रीप वरून ओळखता येत नाही. आतून, भक्कम शिडीवर उभे राहून सरकलेला नळा वर ढकलून जागी बसवता येतो. फुटलेल्या नळ्याखाली पातळ पत्र्याचा तुकडा सरकवता येतो. त्याचे वरचे टोक वरच्या नळ्याच्या खाली आणि खालचे टोक खालच्या नळ्याच्या वर आले पाहिजे. पत्रा येण्यापूर्वी हेच काम पोफळीच्या विरीने होई, आणि एका पावसाळ्यापुरते ते आजही होते. ताडपत्री घालायची असेल तर ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर नेऊन बांधावी. केवळ गळक्या जागेवर अंथरलेल्या ताडपत्रीच्या वरच्या कडेखालून पाणी शिरते आणि ती असून नसून सारखीच. हे काम पाऊस थांबून छप्पर सुकल्यावर जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. विजेच्या मीटरजवळ किंवा वायरिंगवर पाणी येत असेल तर मुख्य स्विच बंद करून मगच पुढचा विचार. मातीच्या भिंतीला फुगवटा आला, माथ्यावरून माती झडू लागली किंवा कालपर्यंत लागणारे दार आज चौकटीत अडकू लागले, तर ती खोली त्याच दिवशी रिकामी करावी.

खरी दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांतली. नळे आढ्याकडून खाली उतरवावेत आणि पागोळीकडून वर बसवत जावे. संपूर्ण छप्पर एकाच वेळी उघडू नये. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मिरगाला अजून तीन आठवडे होते. एक उतार पूर्ण झाल्यावरच दुसरा हाती घेणे शहाणपणाचे. उघडलेल्या भागातील प्रत्येक रीप टोचून पाहावी. वाळवीने पोखरलेले लाकूड बाहेरून धड दिसते, मात्र स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्यात सहज रुतते. पूर्वी रिपांना माडाचे किंवा भिल्ल्या माडाचे लाकूड आणि वाशांना किंदळ वापरीत. आता लोखंडी चौकोनी नळ्या सर्रास येतात. त्या वाळवीपासून सुरक्षित असल्या तरी किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत गंजतात, त्यामुळे बसवण्यापूर्वी गंजरोधक रंग आणि टोकांना झाकण आवश्यक असते. छपरावर वावरताना पाय नळ्याच्या मध्यावर न ठेवता दोन नळे एकमेकांवर चढतात त्या खालच्या कडेवर ठेवावा, कारण तिच्याखाली रीप असते. पागोळीकडच्या शेवटच्या दोन ओळी तारेने रिपेला बांधल्या तर वादळात छपराची कड उचलली जात नाही.

नवे नळे घेताना घरावरचा एक जुना नळा बरोबर न्यावा. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खाच थोडी वेगळी असते. दोन कारखान्यांचे नळे दुरून एकसारखे वाटले तरी एकमेकांत बसत नाहीत, आणि अशा जोडणीतून उरलेली फट पहिल्याच झडीत गळते. कारखान्याचे नाव नळ्याच्या अंगावर उठवलेले असते. तो कारखाना बंद झाला असल्यास पाडलेल्या घरांचे जुने नळे विकणाऱ्यांकडे चौकशी करावी, अथवा एका उतारावरचे सगळे नळे बदलून निघालेल्या चांगल्या नळ्यांनी दुसरा उतार पुरा करावा. बोटाच्या पेराने ठोकल्यावर चांगला नळा खणखणीत वाजतो. भेगाळलेल्याचा आवाज बद्द येतो. कौलांसाठीच्या भारतीय मानकात पाणी शोषण्याची कमाल मर्यादा दर्जानुसार १८ आणि २० टक्के ठरवलेली आहे. घरच्या घरी चाचणी करायची तर कोरडा नळा तोलून, दिवसभर पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलावा. परसदारी पन्नासेक नळे राखून ठेवण्याची जुन्या लोकांची सवय मोडू नये.

मोप येथील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. त्याच्या आगेमागे पेडणे तालुक्यात उठलेल्या बंगल्यांवर नळ्यांऐवजी डांबरी शिंगल दिसतात. हे पातळ, दाणेदार पापुद्रे प्लायवूडच्या फळ्यांवर खिळ्यांनी ठोकलेले असतात. त्यांच्या गळतीचे मूळ बहुधा वर उचललेल्या खिळ्यांत, सुटलेल्या कोपऱ्यांत किंवा भिंत आणि छप्पर मिळते तेथील पत्र्यात असते. उचललेला कोपरा डांबरी गोंदाने चिकटवता येतो, आणि फाटलेला तुकडा वरच्या ओळीखालून सरकवून बदलता येतो. मात्र खालचे प्लायवूड एकदा फुगले की वरची मलमपट्टी निरर्थक ठरते. शेवाळ काढण्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, कारण त्याने पृष्ठभागावरचे संरक्षक दाणे धुऊन जातात. दुपारच्या उन्हात त्यावर चालूही नये, डांबर मऊ झालेले असते. येथील पावसात या छपरांचा कस अजून लागायचा आहे. तूर्त एवढे खरे, की एक नळा बदलणारा माणूस गावात सापडतो, शिंगल बसवणारा सापडेलच असे नाही.

पुष्कळ घरांचे छप्पर गळते ते पैशाअभावी नव्हे. घर चार भावांच्या वारसांचे असते, दोन बिऱ्हाडे मुंबईत आणि एक आखातात, आणि कुलूपबंद भागावरचा नळा फुटला की पाणी राहत्या भागाच्या भिंतीत उतरते. अशा वेळी इतर वारसांना लेखी कळवून, छायाचित्रे व पावत्या जपून सामाईक आढे आणि नाळी यांची दुरुस्ती तरी उरकावी. वाटणीचा प्रश्न इन्व्हेंटरीच्या मार्गाने सुटायला वर्षे लागतात, वासा तितकी वर्षे थांबत नाही. मुंडकारांच्या बाबतीत १९७५ च्या कायद्याने घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण दिले आहे आणि पायाचे क्षेत्रफळ न वाढवता दुरुस्ती करण्याचा हक्कही मान्य केला आहे; भाटकाराने अडवल्यास मामलेदाराकडे दाद मागता येते. नळ्यांच्या जागी स्लॅब घालणे किंवा छपराची उंची वाढवणे ही दुरुस्ती समजली जात नाही, त्याला पंचायतीचा बांधकाम परवाना लागतो. साधी शाकारणी करतानाही पंचायतीला आगाऊ लेखी कळवलेले बरे, विशेषतः शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असल्यास. अनुसूचित जमातींतील कुटुंबांना आदिवासी कल्याण खात्याच्या अटल आसरा योजनेखाली घरबांधणी व दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो.

झाड पडून किंवा वादळाने छप्पर उडाल्यास प्रथम अग्निशमन दलाला कळवावे. पेडणे आणि डिचोली या दोन्ही ठिकाणी दलाची केंद्रे आहेत. नुकसान झाकण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, कारण सरकारी मदतीचा अर्ज त्यावरच उभा राहतो. पाऊस ओसरण्यापूर्वी, चवथीसाठी माटोळी बांधायला कोणीतरी शिडीवर चढतेच. त्याच वेळी कोळशाने किंवा खडूने प्रत्येक ओल्या वाशावर खूण करून ठेवावी. मे महिन्यात सगळे लाकूड कोरडे आणि एकसारखे दिसते, आणि मेस्त विचारतो तेव्हा नेमके कोठे गळत होते ते घरातल्या कोणालाच आठवत नाही.