बेंद्र्यांनी कोणाकोणाकडून घेतलं?

झाशीहून बोलतोय म्हटल्यावर तुम्ही १८५८ च्या वेढ्याची वाट बघत असाल. आज तोफा नाहीत. आज विषय एका चित्रकाराचा.

निमित्त माझंच. निवृत्तीनंतर मी जलरंग हाती घेतले. पहाटे ओरछ्याला जातो, बेतवेकाठच्या छत्र्या रंगवतो. त्यातलं एक चित्र प्रदर्शनासाठी पाठवलं, ते परत आलं. शेरा होता, ‘हे सगळं बेंद्र्यांचं. यात तुमचं काय?’ फौजेत वरिष्ठांची बोलणी पुष्कळ खाल्ली, पण हे लागलं. मग ठरवलं, बेंद्र्यांचं तरी सगळं बेंद्र्यांचं होतं का, ते बघू.

नारायण श्रीधर बेंद्रे १९१० साली इंदूरला जन्मले. म्हणजे आपल्या झाशीकर मंडळींसारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. त्यांचे गुरू दत्तात्रय दामोदर देवळालीकर. हा माणूस पोरांना वर्गाबाहेर काढायचा. समोरचं ऊन बघा, सावलीतला रंग बघा, आणि तिथंच रंगवा. पुढे ज्यांचं नाव जगभर झालं ते मकबूल फिदा हुसेनही त्यांच्याकडेच शिकले. शिष्यांची नावं सगळ्यांना ठाऊक, देवळालीकर मात्र किती जणांना माहीत आहेत? मला हे खटकतं.

बेंद्रे तिथं थांबले नाहीत. काश्मीरमध्ये नोकरी केली, डोंगर आणि पाणी रंगवलं. १९४५ मध्ये शांतिनिकेतनला गेले. तिथं नंदलाल बोस, रामकिंकर बैज, बिनोदबिहारी मुखर्जी. इंदूरला उजेड शिकलेल्या माणसाला इथं रेषेची ताकद दिसली. वयाच्या पस्तिशीत, नाव झालेलं असताना, पुन्हा विद्यार्थी व्हायचं! सोपं नाही ते. मग १९४७-४८ मध्ये अमेरिका आणि युरोप. १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कॅनव्हासवर घनवाद आला होता. १९५५ मध्ये ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि उतारवयात? ठिपके. फ्रान्सच्या सराने ठिपक्याठिपक्यांनी रंग मांडले होते, ती रीत बेंद्र्यांनी आपल्या खेड्यातल्या बायकांच्या चित्रांत आणली. सराच्या पॅरिसकरांशेजारी त्या ठेवून बघा, कोणी गोंधळणार नाही.

आम्ही अधिकारी दुसऱ्यांच्या मोहिमा नकाशावर पुन्हापुन्हा लढतो. त्याला कोणी नक्कल म्हणत नाही, अभ्यास म्हणतात. अर्थात बेंद्रे प्रत्येक गुरूकडून पुढे निघाले, मी अजून पहिल्याच मुक्कामावर आहे, हेही खरं. शेरा मारणारा अगदीच चुकला नव्हता.

परत आलेलं चित्र मी दिवाणखान्यात लावलंय. खाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘बेंद्र्यांवरून’. उद्या पाऊस नसला तर पुन्हा बेतवेवर. या वेळी दुपारी जाऊन बघणार आहे. त्या भगभगीत उन्हात छत्र्यांना सावलीच उरत नाही.