विमानाच्या तिकिटात फ्रिक्वेंट फ्लायर नंबर कसा टाकायचा? महाड-पोलादपूरच्या आखाती प्रवाशांसाठी माहिती

महाड-पोलादपूर भागातल्या कित्येक मुस्लिम घरांतला एक तरी माणूस दुबई, कुवेत, कतर, मस्कत किंवा सौदीत आहे. वीस-पंचवीस वर्षं सुट्टीला येणं-जाणं झालं, पण त्या प्रवासाचे माइल्स किती जमले असं विचारलं तर उत्तर बहुतेकदा शून्य. तिकीट एजंटने काढलं किंवा कंपनीने पाठवलं, आणि फ्रिक्वेंट फ्लायर नंबरचा रकाना कोरा राहिला. रकाना कोरा असला की प्रवास खात्यावर आपोआप चढत नाही.

हा नंबर म्हणजे विमान कंपनीच्या सभासदत्वाचा नंबर. तो फुकट मिळतो, वेबसाइटवर किंवा अॅपवर पाच-दहा मिनिटांत. एमिरेट्सची योजना स्कायवर्ड्स, कतर एअरवेजची प्रिव्हिलेज क्लब, सौदियाची अल फुरसान, एअर इंडियाची महाराजा क्लब. फ्लायदुबईच्या प्रवासालाही स्कायवर्ड्सचाच नंबर चालतो. एअर इंडियाच्या योजनेचं नाव 2025 पर्यंत फ्लाइंग रिटर्न्स होतं. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली, त्यामुळे जुनं क्लब विस्ताराचं कार्ड आता तिकिटात टाकून उपयोग नाही. एप्रिल 2019 मध्ये बंद पडलेल्या जेट एअरवेजचं कार्ड तर अजून काहींच्या पाकिटात असेल. ते काढून ठेवा.

फायदा किती, हेही सरळ सांगायला हवं. वर्षातून एकदा इकॉनॉमीने येणाऱ्याला लाउंज आणि जादा सामान लगेच मिळणार नाही. एमिरेट्सवर सिल्व्हर दर्जा मिळाला की ठरलेल्या वजनाच्या वर 12 किलो नेता येतं, पण त्या दर्जाला 25 हजार टिअर माइल्स लागतात. मात्र चौघांचं कुटुंब दर सुट्टीला ये-जा करत असेल तर माइल्स जमतात. एमिरेट्समध्ये घरच्यांचे माइल्स एका खात्यात गोळा करायची सोयही आहे. हे माइल्स तीन वर्षं टिकतात, म्हणून "नंतर बघू" म्हणून सोडून देऊ नका.

नंबर कधी टाकायचा?

तिकीट काढतानाच एजंटला व्हॉट्सअॅपवर नंबर पाठवणं सगळ्यात सोपं. राहून गेलं तर विमान कंपनीच्या वेबसाइटवर 'मॅनेज बुकिंग' उघडा, पीएनआर आणि आडनाव टाका, प्रवाशाच्या नावापुढे नंबर भरा आणि सेव्ह करा. प्रत्येक प्रवाशाचा नंबर वेगळा. अब्बांचा नंबर मुलांच्या नावापुढे चालत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला सहसा माइल्स मिळत नाहीत.

इथे बरेच जण अडकतात ते पीएनआरवर. एजंटच्या कागदावर कधीकधी त्याच्या बुकिंग सिस्टिमचा पीएनआर असतो आणि विमान कंपनीचा वेगळा. वेबसाइट "बुकिंग सापडत नाही" म्हणाली तर घाबरू नका, एजंटकडून 'एअरलाइन पीएनआर' मागून घ्या. तिकीट खरंच निघालंय की फक्त सीट अडवून ठेवलीय, हे 13 आकडी ई-तिकीट नंबरावरून कळतं. एमिरेट्सचा 176 ने सुरू होतो, कतरचा 157, सौदियाचा 065, एअर इंडियाचा 098.

ऑनलाइन चेक-इन करताना किंवा काउंटरवरही नंबर टाकता येतो. पण महाडहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास हायवे तुडवून, सामानाचं वजन मापत, पोरं सांभाळत काउंटरवर हे कुणाच्या लक्षात राहतं? घरूनच करा. बुकिंग उघडलंच आहे तर विमानतळही बघून घ्या. आपल्याच रायगड जिल्ह्यातला नवी मुंबई विमानतळ आता सुरू झालाय. तिकिटावर बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई.

तारीख बदलली किंवा तिकीट नव्याने निघालं तर नंबर राहिला आहे का, ते परत तपासा.

नावाचा घोळ

नंबर बरोबर असूनही माइल्स न येण्याचं मोठं कारण म्हणजे नाव. पासपोर्टवर 'मोहम्मद', खात्यात त्याचं आखूड रूप 'एमओएचडी'. पासपोर्टवर नावाला जोडून वडिलांचं नाव, खात्यात फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव. शेख आधी की शेवटी, अब्दुल आणि रहमान जोडून की सुटे, अशा फरकांवर कॉम्प्युटर नंबर नाकारू शकतो. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव लागलेल्या बहिणींचं जुनं खातं माहेरच्या नावावरच राहिलेलं असतं. म्हणून खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न अक्षर तसंच लिहा. जुन्या खात्यातली चूक पासपोर्टची प्रत पाठवून दुरुस्त करून घेता येते.

पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असेल तर प्रश्न माइल्सच्याही पुढचा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये यूएईने अशा नावाच्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारायचं ठरवलं. आईवडिलांना दुबईला बोलावणाऱ्यांनी आधी हे बघावं.

एका प्रवासाला एकच नंबर लागतो, पण तो त्याच कंपनीचा असावा असं नाही. कतर एअरवेजचा प्रवास ब्रिटिश एअरवेजच्या खात्यात जमा करता येतो, कारण दोन्ही वनवर्ल्ड गटात आहेत. लंडनला नातेवाईक असणाऱ्यांना हे उपयोगी. सौदिया स्कायटीममध्ये, एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये. एमिरेट्स कुठल्याच गटात नाही.

उमऱ्याच्या ग्रुप तिकिटांवर फार आशा ठेवू नका. ग्रुपच्या भाड्यावर बऱ्याचदा माइल्स मिळत नाहीत, किंवा फार थोडे मिळतात. टूरवाल्याला पैसे भरण्याआधी विचारा. कंपनीने काढलेल्या तिकिटावर माइल्स प्रवाशाच्याच नावाने जमा होतात. तरी काही कंपन्यांचे याबाबत स्वतःचे नियम असतात, तेव्हा एचआरला विचारून घेतलेलं बरं. अमानतीचा मामला आहे.

खातं स्वतःच्या मोबाइल आणि ईमेलवरच उघडा. "मी उघडून देतो" म्हणणाऱ्याने स्वतःचा ईमेल टाकला, तर माइल्स तुमचे आणि चावी त्याची.

प्रवास झाल्यावर आठवलं तरी दार बंद होत नाही. 'मिसिंग माइल्स' किंवा 'क्लेम' या भागात ई-तिकीट नंबर टाकून मागणी करता येते. मुदत काही महिन्यांची असते आणि कंपनीनुसार बदलते, म्हणून माइल्स खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकू नका. दुआची दरखास्त करायची तर नुसतं लिहा. पासवरच्या बारकोडमध्ये तुमचं नाव, पीएनआर आणि हाच फ्रिक्वेंट फ्लायर नंबर असतो, आणि पीएनआर व आडनाव हाती लागलं की परक्या माणसालाही तुमचं परतीचं बुकिंग उघडता येतं.