एआयचे बाबासाहेब आणि आपल्या मोबाईलमधली बटणे

२० मार्च जवळ आला की मोबाईलवर महाड सुरू होते. ओंजळीत चवदार तळ्याचे पाणी घेतलेले बाबासाहेब, मागे अथांग जनसमुदाय, वर संगीत. गेल्या दोन-तीन वर्षांत यातली बरीच चित्रे आणि रील एआयने बनवलेली असतात. काही खरोखर देखणी असतात, हे नाकारायचे कारण नाही. पण नीट पाहा. १९२७ च्या बाबासाहेबांच्या हातात संविधान असते आणि चेहरा साठीतला असतो. त्या दिवशी ते पस्तीस वर्षांचे होते आणि संविधान सभेची पहिली बैठक अजून एकोणीस वर्षे दूर होती.

मोठी गफलत घटनांची होते. पाणी प्राशन केले ते मार्चमध्ये. मनुस्मृतीचे दहन झाले २५ डिसेंबर १९२७ रोजी, दुसऱ्या परिषदेत. त्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून प्रतिनिधींसह पायी महाडला गेले. पण १४ डिसेंबरलाच न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता, म्हणून डिसेंबरमध्ये तळ्यावर पाणी घेतलेच नाही. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. तीस सेकंदांच्या रीलमध्ये पाणी आणि अग्नी एकाच संध्याकाळी दिसले, की ही दहा वर्षांची न्यायालयीन लढाई पुसली जाते. मुलांच्या डोक्यात मग तेच बसते.

महाडला खोट्या बातमीची किंमत ठाऊक आहे. २० मार्च १९२७ ला तळ्यावरून परतलेल्या लोकांवर जो हल्ला झाला, तो 'हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार' या अफवेवरून. तेव्हा अफवा तोंडातोंडी गावभर गेली. आज तिला बाबासाहेबांचाच आवाज आणि चेहरा लावून पाठवता येते. येत्या २० मार्च २०२७ ला सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या काळात अशा साहित्याचा पूर येणार हे सांगायला ज्योतिषी नको.

राजकारण्यांनी सुरुवात केलीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये, संसदेतल्या बाबासाहेबांविषयीच्या वक्तव्यावरून वाद पेटलेला असताना, आम आदमी पक्षाने एआयने बनवलेली चित्रफीत पसरवली. तिच्यात बाबासाहेब अरविंद केजरीवाल यांना आशीर्वाद देताना दाखवले होते. पक्ष कोणता हा मुद्दा नाही. उद्या दुसरा पक्षही तेच करील. जो माणूस हयात नाही त्याच्या तोंडी संमती घालण्याचा हा प्रकार आहे.

अमेरिकेत याच प्रश्नावर एक गोष्ट घडली. ओपनएआयचे 'सोरा' हे चित्रफिती बनवणारे अ‍ॅप ३० सप्टेंबर २०२५ ला आले. लगेच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विकृत चित्रफितींचा सुळसुळाट झाला. किंग यांच्या वारसांच्या संस्थेने आक्षेप घेतला आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने किंग यांच्या प्रतिमा बनवणे थांबवले. ऐतिहासिक व्यक्तींच्या अधिकृत प्रतिनिधींना नकार कळवण्याची सोयही दिली. आपल्याकडे हा मार्ग तितका सरळ नाही. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये व्यक्तिमत्त्वाचे असे हक्क मृत्यूसोबत संपतात, वारसांकडे जात नाहीत, अशी भूमिका घेतली. शिवाय बाबासाहेबांचा प्रतिनिधी म्हणून नकार कोण देणार? कुटुंब, सरकार, की कोणती तरी संघटना? या प्रश्नावर आपल्यात एकमत होईल असे मला वाटत नाही.

कायदा काय देतो

माहिती तंत्रज्ञान नियमांतली दुरुस्ती १० फेब्रुवारी २०२६ ला अधिसूचित झाली आणि २० फेब्रुवारीपासून लागू झाली. तिच्यानुसार खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम चित्राला, आवाजाला, चित्रफितीला ठळक खूण हवी. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी टाकणाऱ्याला 'हे एआयचे आहे का' असे विचारायचे आणि त्याचे उत्तर तपासायचे. एकदा लावलेली खूण काढू द्यायची नाही. चित्राचा किमान दहा टक्के भाग खुणेने व्यापावा ही मसुद्यातली अट अंतिम नियमांत राहिली नाही.

याच दुरुस्तीने सरकारी किंवा न्यायालयीन आदेशानंतर मजकूर हटवण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आणली. इथे आपण सावध असले पाहिजे. सत्तेला बोचणारे व्यंगचित्रही एआयने बनलेले असू शकते, आणि ते करणारा बहुधा आपलाच एखादा पोरगा असतो. तीन तासांत त्याची बाजू कोण ऐकणार? म्हणूनच काय पाहायचे याचा निर्णय सरकारच्या हातात जास्त जाण्यापेक्षा पाहणाऱ्याच्या हातात यावा, असे माझे मत आहे.

आणि तेच या नियमांत नाही. खूण म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. डबा घ्यायचा की नाही हे ठरवण्याची सोय वेगळी. खूण लावायचीच आहे, तर त्याच खुणेवरून 'एआयचे मला दाखवू नका' असे बटण देणे कंपन्यांना अवघड नाही. पिंटरेस्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये काही विषयांत एआय चित्रे कमी करण्याची सोय दिली. पुढच्याच महिन्यात टिकटॉकने एआय मजकूर कमी-जास्त करणारी पट्टी आणत असल्याचे जाहीर केले. पण टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद, आणि पिंटरेस्टवर आपली माणसे किती?

आज हातात काय आहे

यूट्यूबवर चित्रफितीशेजारच्या तीन टिंबांत 'रस नाही' आणि 'हे चॅनेल सुचवू नका' हे दोन पर्याय असतात. दुसरा जास्त उपयोगी, कारण असा माल बहुधा ठरावीक चॅनेलच पाडत असतात. मार्च २०२४ पासून खऱ्यासारखा बदललेला मजकूर जाहीर करण्याची सक्ती यूट्यूबने केली आहे. वर्णन उघडून पाहावे. इन्स्टाग्रामवर 'रस नाही' सोबतच सुचवल्या जाणाऱ्या गोष्टींचा हिशेब पुसून नव्याने सुरू करता येतो. एक लक्षात ठेवा: खोट्या रीलखाली रागाने दहा कमेंट केल्या, तर यंत्राला ती आवडल्यासारखीच वाटते आणि ती आणखी लोकांपुढे जाते.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट निराळी. आपल्या वस्त्यांतला, विहारांतला, मंडळांचा सगळा व्यवहार तिथेच. स्क्रीनशॉट काढून किंवा पडदा रेकॉर्ड करून पाठवले की फाईलमधली छुपी नोंद गळून पडते, कोपऱ्यातली खूणही कापता येते. तिथे गाळणी म्हणजे ग्रुपचा अ‍ॅडमिनच. 'फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात' हे सेटिंग निदान जयंती आणि २० मार्चच्या आठवड्यात लावावे. चित्रे आपोआप उतरणे बंद ठेवावे. दोन बाणांची खूण म्हणजे संदेश अनेकदा फिरून आलेला आहे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, तेवढी अडचण कंपनीनेच करून ठेवली आहे.

तक्रार करायची तर आधी लिंक, तारीख, वेळ आणि खात्याचे नाव टिपून ठेवा. पोस्ट उडाली की पुरावाही जातो. मग त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या. नव्या नियमांनुसार निवारणाची मुदत १५ दिवसांवरून ७ दिवसांवर आली आहे. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. स्वतःच्याच चेहऱ्याची नक्कल किंवा अश्लील बनावट चित्र असेल, तर मुदत २ तासांची आहे. आपल्या मुलींना आणि महिला कार्यकर्त्यांना हे आधी सांगा. बाबासाहेबांच्या चित्राआधी त्यांना त्याची गरज पडण्याची शक्यता जास्त.