वृद्धांच्या खुब्याचा अस्थिभंग

वृद्धापकाळात घरातल्या घरात पडणे ही किरकोळ घटना समजली जाते. प्रत्यक्षात ती प्राणघातक ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, जगात दर वर्षी पडल्यामुळे सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्तींचा मृत्यू होतो. त्यात साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे.

हाडे ठिसूळ झाल्यास उभ्याने तोल जाऊन पडल्यावरही खुब्याचे, म्हणजे मांडीच्या हाडाचे वरचे टोक मोडते. जांघेत तीव्र वेदना, उभे राहता न येणे, पाय आखूड दिसणे आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. अशा रुग्णास चालवू नये, तसेच मालीश करू नये. पायाची हालचाल टाळून त्यास रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे.

वय झाले, आता शस्त्रक्रिया कशाला, या विचाराने रुग्णास अंथरुणावरच ठेवल्यास पाठीला जखमा, न्यूमोनिया आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच प्रकृती स्थिर करून शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णास आधाराने उभे करावे, असे तज्ज्ञ सांगतात.

सत्तर वर्षे आणि त्यावरील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट करण्यात आले असून, संलग्न रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. न्हाणीघरात आधाराची दांडी, कोरडी फरशी आणि रात्री पुरेसा उजेड असल्यास पडण्याचा धोका कमी होतो.