मुद्रणपूर्व चित्रसिद्धता

मुद्रणपूर्व चित्रसिद्धता : संगणकावर मांडलेला मजकूर, चित्रे व आकृत्या यांना छपाईची प्लेट करण्यास योग्य अशा अंतिम फाइलीचे रूप देण्याची प्रक्रिया. व्यवहारात हिला ‘आर्टवर्क तयार करणे’ म्हणतात.

पूर्वेतिहास : अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर याने शिळामुद्रणाचा शोध लावला, तेव्हा चित्र शिळेवर उलटे काढावे लागे आणि रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची शिळा निराळी करावी लागे. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या व पुढे मळवलीस हलविलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातील चित्रे याच रीतीने छापली जात. रंग वेगळे काढण्याचे ते तत्त्व आजही कायम आहे. शिळेवर होणारे हे काम पुढे फिल्मवर होऊ लागले, आणि पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची संगणकीय भाषा (१९८४) व पीडीएफ हे फाइलीचे रूप (१९९३) यांच्या आगमनानंतर ते फाइलीकडे आले.

रंग व प्रतिमा : पडद्यावरील रंग तांबडा, हिरवा व निळा या प्रकाशांच्या मिश्रणाने होतात, तर कागदावरील रंग सायन, मॅजेंटा, पिवळ्या व काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांनी, यामुळे पडद्यावरचा झळाळता केशरी छापल्यावर मंदावतो, आणि तो तसाच हवा असल्यास स्वतंत्र शाईची तजवीज करावी लागते. या ठिपक्यांच्या, इंचास १५० रेषा असलेल्या जाळीसाठी प्रतिमेत, छापावयाच्या मापात, इंचास ३०० बिंदू असावेत असा संकेत आहे. चारही शायांची बेरीज गुळगुळीत कागदावर ३०० टक्क्यांच्या, तर वृत्तपत्री कागदावर २४० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. प्रतिमांचे रंगरूपांतर आरेखकाने करावे की मुद्रणालयाने, याविषयी एकवाक्यता नाही.

देवनागरी मजकूर : मराठी कामात सर्वाधिक दोष येथे उद्भवतात. युनिकोडपूर्व टंकांत देवनागरीचे अक्षरखंड रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेले असल्यामुळे तो टंक मुद्रणालयात उपलब्ध नसल्यास सबंध मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. युनिकोडने हे संकट निवारले, तथापि जुन्या मांडणी-प्रणालींत जोडाक्षरे सुटी होणे, रफार ढळणे व ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाणे हे प्रकार अद्याप आढळतात. यावर दोन उपाय रूढ आहेत : टंक फाइलीतच अंतर्भूत करणे, किंवा अक्षरे ‘कर्व्ह’ करणे, म्हणजे त्यांच्या आकृत्या बनविणे. दुसऱ्या उपायाने अक्षर ढळत नाही, परंतु त्यानंतर शुद्धलेखनाची चूक टंकलिखित करून दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्व्ह न केलेली मूळ फाइल दप्तरी जपून ठेवणे अगत्याचे आहे. बारीक काळा मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवावा. चाररंगी पार्श्वभूमीवर पांढरी, बारीक अक्षरे घेतल्यास, प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी शेजारची शाई शिरोरेषेत व अनुस्वारात शिरते आणि शब्द वाचता येत नाही.

माप व कडा : पार्श्वभूमी कडेपर्यंत जात असल्यास ती छाटणीरेषेबाहेर चारही बाजूंस साधारणतः ३ मिमी. वाढवितात, यास ‘ब्लीड’ म्हणतात. त्यानुसार २१० × २९७ मिमी.च्या ए-४ पृष्ठाची फाइल २१६ × ३०३ मिमी.ची होते. मजकूर छाटणीरेषेच्या आत किमान तितकाच दूर असावा.

पृष्ठयोजना : फॉर्म्यातील, म्हणजे एका तावावर एकत्र छापावयाच्या, पृष्ठांचा क्रम बहुधा मुद्रणालयच लावते.

प्रमाणीकरण व मंजुरी : मुद्रणासाठी पीडीएफची पीडीएफ/एक्स ही प्रमाणित रूपे (आयएसओ १५९३०) २००१ पासून अस्तित्वात आली, त्यांत टंक अंतर्भूत असणे अनिवार्य आहे. अंतिम प्रूफ ग्राहकाने तपासून त्यावर सही करावी, अशी रीत आहे. सही झाल्यावर फाइल जशी असेल त्याबरहुकूम प्लेट निघते, आणि त्यानंतर आढळलेल्या चुकीच्या दुरुस्तीसाठी नवी प्लेट करावी लागते.