शटडाऊनचे राजकारण आणि आरोग्यविम्याचे शब्दयुद्ध

अमेरिकेत केंद्र सरकारचे कामकाज पैशाअभावी बंद पडते तेव्हा ते का बंद पडले यापेक्षा कोणामुळे बंद पडले, हे मतदाराच्या मनावर ठसविण्याची चढाओढ आधी सुरू होते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असा ४३ दिवस चाललेला शटडाऊन तोपर्यंतच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ ठरला. आरोग्यविम्यावरील सरकारी अनुदान हा त्यातील वादाचा मुद्दा होता. आरोग्यखर्चावरून सरकार अडून बसण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९९५ आणि २०१३ सालीही हेच घडले होते आणि प्रत्येक वेळी दोन्ही पक्षांनी एकाच आकड्याला दोन वेगळी नावे दिली होती.

भारतीय वाचकाला हा सारा प्रकार मुळातच चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे विनियोजन विधेयक लोकसभेत फेटाळले गेले तर सरकारच जाते आणि अर्थसंकल्पाला उशीर होणार असेल तर लेखानुदान घेऊन गाडा पुढे ढकलला जातो. अमेरिकेत अध्यक्षाची मुदत ठरलेली असते. कायदेमंडळाने पैसे नाकारले तरी अध्यक्ष पदावर राहतो, बंद पडतात ती कार्यालये. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोवर खर्चाची विधेयके किंवा हंगामी तरतूद मंजूर झाली नाही, तर मंजुरीविना खर्च करण्यास मनाई करणारा एकोणिसाव्या शतकातील कायदा आड येतो. पूर्वी अशा वेळी कार्यालये काटकसरीने का होईना, चालू राहत. १९८०-८१ मध्ये तत्कालीन महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी या कायद्याचा कठोर अर्थ लावला आणि जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाशी निगडित कामे वगळता बाकीची थांबलीच पाहिजेत, असे मत दिले. आजचा शटडाऊन हे त्या मताचे अपत्य होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण दोन्ही पक्षांच्या प्रचारात ती हटकून झाकली जाते. वृद्धांसाठीची मेडिकेअर, गरिबांसाठीची मेडिकेड आणि ‘ओबामाकेअर’खालील अनुदाने यांचा खर्च दरवर्षी मंजूर होणाऱ्या विधेयकांवर अवलंबून नसतो. तो कायमस्वरूपी कायद्यांतून किंवा आगाऊ तरतुदींतून होतो. म्हणजे ज्या योजनांवरून भांडण होते, त्या शटडाऊनमध्ये बहुतांशी चालूच राहतात. बंद पडतात ती उद्याने, संशोधन संस्था, परवान्यांची कार्यालये. पगार थकतो तो विमानतळावरील सुरक्षा कर्मचाऱ्यांचा. आरोग्याचा प्रश्न सुटावा म्हणून भलत्यांचाच पगार अडविला जातो. हा दबाव टिकवायचा तर लोकांना तो न्याय्य वाटला पाहिजे, आणि म्हणून शब्दांना एवढे महत्त्व येते.

याचा पहिला मोठा धडा १९९५-९६ सालचा. प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांच्या नेतृत्वाखालील रिपब्लिकनांना मेडिकेअरच्या खर्चातून सात वर्षांत सुमारे २७० अब्ज डॉलर वाचवायचे होते. आम्ही कपात करीत नाही, केवळ वाढीचा वेग कमी करीत आहोत, असे ते सांगत. बिल क्लिंटन यांच्या बाजूने मात्र एकच शब्द होता : कपात. हिशेबाच्या वहीत गिंग्रिच यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण एकूण खर्च वाढणारच होता. पण खर्च महागाईमुळे आणि वृद्धांच्या संख्येमुळे वाढत असताना त्याचा वेग रोखला तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, ही क्लिंटन यांची बाजूही खोटी नव्हती. त्यातच हंगामी विधेयकात एक कलम होते. डॉक्टरांच्या खर्चासाठी वृद्धांनी भरावयाच्या हप्त्याचा हिस्सा कायद्यानुसार २५ टक्क्यांवर उतरणार होता, तो ३१.५ टक्क्यांवरच ठेवण्याचे ते कलम. क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला आणि सरकार बंद पडले. आधी पाच दिवस, मग २१ दिवस. आजी-आजोबांचा विमा वाचविणारा अध्यक्ष, ही प्रतिमा त्यांना १९९६ च्या निवडणुकीत उपयोगी पडली.

२०१३ साली उलटे चित्र होते. २०१० मध्ये बराक ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या आरोग्यविमा कायद्याचे पैसे तोडल्याशिवाय सरकार चालू देणार नाही, अशी भूमिका रिपब्लिकनांतील कडव्या गटाने घेतली. सिनेटर टेड क्रूझ यांनी सप्टेंबरअखेरीस २१ तासांहून अधिक काळ भाषण केले. योगायोग असा की, ज्या १ ऑक्टोबरला सरकार बंद पडले त्याच दिवशी या कायद्याखालील विमा बाजारपेठा खुल्या झाल्या. ज्या कायद्याला रोखण्यासाठी सरकार बंद पाडले तो चालूच राहिला आणि बाकीचे बंद पडले! एवढेच नव्हे, तर नव्या संकेतस्थळाचा पहिल्याच दिवशी उडालेला बोजवारा, जो विरोधकांसाठी आयता दारूगोळा होता, शटडाऊनच्या गदारोळात झाकला गेला.

नावाचा प्रभाव किती असतो, तेही त्याच सुमारास दिसले. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनबीसी या वाहिनीने केलेल्या पाहणीत काहींना ‘ओबामाकेअर’विषयी विचारले आणि काहींना त्याच कायद्याचे अधिकृत नाव घेऊन, म्हणजे परवडणाऱ्या आरोग्यसेवेचा कायदा असे म्हणून विचारले. पहिल्या नावाला ४६ टक्क्यांनी विरोध केला, दुसऱ्याला ३७ टक्क्यांनी. कायदा एकच होता.

त्या शटडाऊनमधील सर्वांत बोचरा प्रसंग मात्र राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा. तेथील रुग्णालयात नव्या चाचण्यांसाठी दर आठवड्याला सुमारे २०० रुग्ण घेतले जात आणि त्यांत कर्करोगाने ग्रस्त मुलेही असत. ते प्रवेश थांबले. रिपब्लिकनांनी लगेच फक्त या संस्थेपुरते पैसे देणारे विधेयक पुढे केले. डाव सरळ होता : नाही म्हणाल तर आजारी मुलांचे शत्रू, हो म्हणाल तर तुमच्या हातातील दबाव गेला. एका मुलाला तरी मदत होणार असेल तर ती का करू नये, असे पत्रकाराने विचारले तेव्हा सिनेटमधील डेमोक्रॅटिक नेते हॅरी रीड यांनी आम्ही तसे का करावे, असा उलटा सवाल केला. एक संस्था निवडून बाकीच्यांना उपाशी का ठेवायचे, असा त्यांचा रोख होता. परंतु वाक्य तेवढेच उचलले गेले. सोळा दिवसांनी रिपब्लिकनांनी माघार घेतली. त्यांच्या पदरात पडली ती अनुदान घेणाऱ्यांच्या उत्पन्नाच्या पडताळणीची किरकोळ अट. जनमत त्यांच्यावर रुष्ट होते. तरीही २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीत त्यांनी सिनेट जिंकले. शटडाऊनचा दोष आणि निवडणुकीचा निकाल यांचे गणित वाटते तितके सरळ नाही.

जानेवारी २०१८ च्या तीन दिवसांच्या शटडाऊनमध्ये मुलांच्या आरोग्यविमा योजनेची सहा वर्षांची मुदतवाढ हंगामी विधेयकाला जोडून तिचा असाच आमिष म्हणून वापर झाला.

आता २०२५ कडे. मूळ कायद्यात विम्याच्या हप्त्यासाठीचे अनुदान दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंतच मिळत असे. करोनाकाळात, २०२१ मध्ये, ही मर्यादा उठविण्यात आली आणि कोणालाही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून अधिक हप्ता पडणार नाही, अशी व्यवस्था केली गेली. २०२२ मध्ये तिला २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. ही मुदत डेमोक्रॅटांनीच घातलेली होती, आणि ‘करोनाकाळातील तात्पुरती सवलत’ हा रिपब्लिकनांचा शब्दप्रयोग म्हणूनच निराधार म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, या बाजारपेठांतून विमा घेणाऱ्यांची संख्या तोवर दोन कोटी ४० लाखांच्या घरात गेली होती, आणि त्यांपैकी बहुसंख्य अनुदानावर होते.

हप्ते दुप्पट होणार, हे डेमोक्रॅटांचे मुख्य वाक्य. केएफएफ या आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज त्यामागे होता : अनुदानित ग्राहकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागणारी सरासरी वार्षिक रक्कम ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल. आकडा विश्वसनीय, पण प्रचारात त्यातील ‘अनुदानित ग्राहकाला’ हे शब्द वारंवार गळून पडले आणि जणू साऱ्या अमेरिकेचेच हप्ते दुप्पट होणार, असा समज पसरला. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक अमेरिकनांचा विमा मालकामार्फत असतो. अनुदान कायमचे करण्याचा खर्च दहा वर्षांत सुमारे ३५० अब्ज डॉलर, हा कायदेमंडळाच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज डेमोक्रॅटिक भाषणांत क्वचितच ऐकू आला.

रिपब्लिकनांचे वाक्य याहून आक्रमक होते : बेकायदा स्थलांतरितांच्या उपचारांसाठी डेमोक्रॅटांनी सरकार बंद पाडले. हे वाक्य तपासणीत टिकत नाही. कागदपत्रांविना राहणाऱ्यांना मेडिकेडचा नियमित लाभ किंवा विम्याचे अनुदान कायद्यानेच मिळत नाही. मग धागा कोठला? जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने निर्वासित, आश्रय मिळालेले अशा कायदेशीरपणे राहणाऱ्या काही गटांचीही पात्रता काढून घेतली होती. त्या कायद्यातील आरोग्यविषयक कपाती रद्द करा, अशी डेमोक्रॅटांची मागणी होती आणि तिच्यात ही कलमेही येत. शिवाय १९८६ च्या कायद्यानुसार तातडीचा उपचार कोणालाही नाकारता येत नाही व त्याचा काही भार सरकार रुग्णालयांना भरून देते. एवढ्या धाग्यावर, डेमोक्रॅटांच्या एकूण मागण्यांचा सुमारे दीड लाख कोटी डॉलरचा आकडा ‘बेकायदा स्थलांतरितां’च्या नावावर चढविण्यात आला. ट्रम्प यांनी तर प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटिक नेते हकीम जेफ्रीज यांना मेक्सिकन टोपी घातलेली दाखविणारी बनावट चित्रफीत प्रसारित केली.

यापूर्वी न घडलेली गोष्ट म्हणजे प्रचारासाठी सरकारी यंत्रणेचाच वापर. गृहनिर्माण खात्याच्या संकेतस्थळावर सरकार कट्टर डाव्यांनी बंद पाडल्याचा फलक झळकला. शिक्षण खात्यातील सक्तीच्या रजेवर असलेल्या कर्मचाऱ्यांच्या ई-मेलवरून जाणाऱ्या स्वयंचलित उत्तरांत डेमोक्रॅटांना दोष देणारा मजकूर त्यांच्या परवानगीविना घालण्यात आला. ७ नोव्हेंबरला संघीय न्यायाधीश ख्रिस्तोफर कूपर यांनी हा कर्मचाऱ्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग असल्याचा निर्णय दिला. आरोपाचा मजकूर बाजूला ठेवला तरी, कारकुनाच्या तोंडी पक्षाचे वाक्य घालणे हा या शटडाऊनमधील सर्वांत गंभीर पायंडा होय. तत्कालीन गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांची तशीच चित्रफीत विमानतळांवर दाखविण्यास मात्र अनेक विमानतळांनी नकार दिला.

झळ बसली ती तिसऱ्यांनाच. सुमारे चार कोटी २० लाख लोकांना मिळणारी अन्नसाहाय्य योजना नोव्हेंबरच्या आरंभी अडखळली आणि ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करावी लागली. एच-१बी व्हिसासाठी कामगार खात्याकडून लागणारी पूर्वमंजुरी ऑक्टोबरभर थांबल्याने भारतातील अनेक अर्जदारांचे अर्जही अडकले. आरोग्यसेवेत थेट खंड पडला तो मेडिकेअरखालील दूरवैद्यकीय सेवेच्या वाढीव सवलतींत. ३० सप्टेंबरला त्यांची मुदत संपली होती. दोन्ही बाजूंच्या घोषणांत तिचा उल्लेख जवळजवळ नव्हता.

अखेर डेमोक्रॅटिक गटातील आठ सिनेटर फुटले. विधेयक ६० विरुद्ध ४० मतांनी पुढे सरकले आणि १२ नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहात २२२ विरुद्ध २०९ मतांनी संमत झाले. अनुदानाबाबत पदरात पडले ते डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचे आश्वासन. ११ डिसेंबरला ते मतदान झाले. तीन वर्षांच्या मुदतवाढीचा डेमोक्रॅटांचा प्रस्ताव आणि रिपब्लिकनांचा पर्यायी प्रस्ताव, दोन्हींना सिनेटमध्ये आवश्यक ६० मते मिळाली नाहीत. ३१ डिसेंबर २०२५ रोजी वाढीव अनुदानाची मुदत संपली. नव्या वर्षाच्या हप्त्याचा वाढलेला आकडा ग्राहकांनी तोपर्यंत पाहिला होता. २०२६ सालच्या विम्याची नोंदणी १ नोव्हेंबरलाच, म्हणजे शटडाऊन चालू असतानाच, सुरू झाली होती.